"ओरडली काहून नाही?"

हा प्रश्न पोलीस विचारतात, काकू-मावशा विचारतात आणि रात्री अत्याचार सोसलेली बाई स्वतःलाच विचारते. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने तो सोबत आणलेला असतो.

गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या मानेवाड्याहून चोवीस वर्षांची एक मुलगी आली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) अत्याचार करणारा ओळखीचाच होता. तक्रार झाली होती, साक्ष व्हायची होती.

"मॅडम, भिंतीपलीकडे माणसं होती. माझ्या तोंडातून आवाजच नाही निघाला. कोर्टात म्हणतील, हिची मर्जी होती."

मी तिला स्टॉकहोममधला अभ्यास सांगितला. बलात्कारानंतर तिथल्या उपचार केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के जणींचं शरीर त्या वेळी थिजून गेलं होतं. कित्येकींना हात हलवता आला नाही, ओरडता आलं नाही. ती "हो मॅडम" म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन परत आली.

मग एका दुपारी झळांच्या वाऱ्याने बाहेरचं दार धाडकन आपटलं. ती गोठली. पर्सच्या पट्ट्यावरची बोटं पांढरी पडली, नजर फरशीवर खिळली. मी तीनदा नाव घेतलं, मग नुसती बसून राहिले. कूलरचा आवाज तेवढा चालू होता. बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला.

"मी हाक मारत होते. ऐकू येत होतं?"

"येत होतं. उत्तर द्यायचं होतं. निघालंच नाही."

एवढं बोलून ती थबकली. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"मॅडम... त्या दिवशी असंच झालं होतं."

मग ती रडली, पहिल्यांदाच. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि तेव्हा गप्प राहणं मला जमलं याचं आजही समाधान वाटतं. महिनाभर मी तिच्या बुद्धीशी बोलत होते. अपराधीपणा मात्र तिच्या अंगात मुरला होता. शरीराने शिकलेलं शरीराकडूनच सुटतं, या माझ्या मताला त्या दुपारने बळ दिलं. माहिती लागतेच, पण ती अनुभवाच्या मागून आली तर रुजते.

कोर्टाची भीती उरली होती. तिला मी आपल्याकडचीच गोष्ट सांगितली. 1972 साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हेही एक कारण दिलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हे 2013 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. शिवाय अशी सुनावणी बंद दाराआड होते.

साक्षीची उत्तरं मी कधीच पाठ करून घेत नाही. आठवतं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर तसं म्हणायचं, पाणी हवं असेल तर मागायचं. आघातात आठवणी तुकड्यातुकड्यांनी साठतात. वास लख्ख आठवतो, वेळ आठवत नाही. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या की उलटतपासणीत त्याच अडचणीच्या ठरतात.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की "काहून" हा शब्द काही महिने बाजूला ठेवा. "जेवलीस का? रात्री दिवा चालू ठेवू का?" एवढं विचारलंत तरी खूप झालं. तिच्या आईला हे सांगताना मला कठोर व्हावं लागलं. त्या माउलीला मुलीचा दोष काढायचाच नव्हता. आपण घरी असतो तर, हे तिचं स्वतःचं दुःख त्या प्रश्नातून बाहेर पडत होतं. मग आईसाठीही दोन वेळा बसलो.

उलटतपासणीत तो प्रश्न आलाच. ती म्हणाली, "ओरडायचं होतं. आवाज निघाला नाही." बाहेर बाकावर आई बसली होती. मुलगी आली तेव्हा तिने काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. निकाल अजून लागायचा आहे.