वाचकांचे प्रश्न : अठ्ठाविसाव्या वर्षी रक्तदाब आणि न सापडणारे दुखणे

प्रश्न : माझे वय 28 असून मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचे काम करते. दोन वर्षांपासून माझी मान, खांदे आणि कंबर सतत दुखते. धुणे वाळत घालताना किंवा वेणी घालताना डावा हात इतका भरून येतो की मध्येच खाली घ्यावा लागतो. एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि कमरेचा एमआरआय, सगळे नॉर्मल आले. सहा महिन्यांपूर्वी रक्तदाब 150/100 निघाला. तेव्हापासून टेल्मिसार्टनची गोळी आहे, पण एकदा सुरू झाली की ती जन्मभर सुटत नाही, असे घरची मंडळी म्हणतात, म्हणून मी ती नियमित घेत नाही. दुखण्यावर मात्र मेडिकलमधून आणलेली गोळी जवळजवळ रोज लागते. एका डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका, लग्न झाले की बरे वाटेल’ असे सांगितले. घरी स्थळे पाहणे चालू आहे. हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, हे मनाचे खेळ नाहीत. हाड झिजले आहे का, मणका सरकला आहे का, सूज आहे का, एवढेच तुमच्या तपासण्यांनी पाहिले, आणि त्यांपैकी काही सापडले नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेचीच संवेदनशीलता वाढली, तर साध्या ताणानेही तीव्र दुखते आणि ते कोणत्याही फोटोत दिसत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी अशी वेदना हा स्वतंत्र आजार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेचे 2022 पासून लागू झालेले रोगवर्गीकरणही त्याची तशीच नोंद करते. लग्न हा त्यावरचा उपचार नव्हे, आणि तसे सांगितले गेल्याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु तुमच्या बाबतीत ‘कारण सापडत नाही’ असे म्हणण्याची वेळ अजून आलेलीच नाही, असे माझे मत आहे. तुमच्या पत्रातले हात भरून येण्याचे वाक्य मी दोनदा वाचले. तरुण स्त्रियांमध्ये, आणि आपल्याकडे आशियात विशेषतः, टाकायासू आर्टरायटिस नावाचा मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह आढळतो. त्यात हाताकडे जाणारी वाहिनी अरुंद झाली की हात वर धरून काम करताना तो थकतो, मनगटाची नाडी मंद लागते, आणि मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनी अरुंद झाली की रक्तदाब चढतो. मान-खांद्याचे दुखणेही त्यात असू शकते. तुम्हाला हाच आजार आहे असे मी पत्रावरून म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. तो तसा विरळ आहे. मात्र तो तपासण्याची पहिली पायरी अगदी सोपी आहे : दोन्ही हातांचा रक्तदाब आणि दोन्ही मनगटांची नाडी पाहणे. दोन हातांतला फरक पुन्हा पुन्हा 10 पेक्षा जास्त आला, तर रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करावी. आजारी वाहिनी असलेल्या हातावर आकडा खोटाच कमी दिसतो, म्हणून यापुढे ज्या हातावर तो जास्त येतो त्याच हातावर मोजावे. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही, असे गृहीत धरू नये.

तिशीच्या आतल्या रक्तदाबामागे कारण शोधलेच पाहिजे. लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉईड आणि ईसीजी या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. त्यासाठी पुण्याला धावण्याची गरज नाही. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता त्या रोजच्या गोळीविषयी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात आणि दोन्ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे एका दुखण्यासाठी घेतलेली गोळी दुसऱ्या दुखण्याला खतपाणी घालते आहे. सांधेदुखीच्या पुड्या कुठून घेत असाल तर त्या आजच बंद कराव्यात असे नाही, आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. त्यांत स्टेरॉईड मिसळलेले आढळते आणि ते अचानक तोडणेही धोक्याचे असते. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळण्याची सवय असल्यास तेही सांगा, कारण त्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो.

टेल्मिसार्टनची सवय लागत नाही. ती सुटत नाही असे वाटते, कारण मूळ रक्तदाब तिथेच असतो. कारण सापडून त्यावर उपचार झाले तर गोळी कमी होऊ शकते. एक गोष्ट मात्र तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही : हे औषध गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. लग्न ठरले की डॉक्टरांना सांगा, ते लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनसारखा पर्याय देतील. तोवर स्वतःहून गोळी थांबवू नका.

घरी दंडाचे यंत्र वापरा, मनगटाचे नको. पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर, चहा घेऊन अर्धा तास झाल्यावर, सकाळी व संध्याकाळी दोन-दोन वेळा सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी 135/85 किंवा अधिक आली तर रक्तदाब वाढलेला आहे. आकडा 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखले, दम लागला, अंधारी आली किंवा हातपाय लुळा पडला तर त्याच क्षणी रुग्णालयात जा.

दिवसभरात सगळे मिळून एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, एवढेच मीठ असावे. पापड, लोणचे, ठेचा आणि आपले आवडते भडंग यांतले मीठही त्यातच मोजा. चालणे कृष्णेच्या घाटावर रोज दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवा. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी साठलेली सगळी कामे उरकू नका; पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात ते त्यामुळेच. हिशेब लिहिताना तासाभराने उठत जा. झोप तुटत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण अपुरी झोप वेदना आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिनसारखे औषध सुचवले गेले तर रक्तदाब आहे हे आठवणीने सांगा. त्याने तो काहींचा वाढतो.

स्थळाच्या मंडळींना काय सांगायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी तो पत्रात आहे. या दोन्ही तक्रारींनी संसाराला किंवा मातृत्वाला आडकाठी येतेच असे नाही, आणि तपासण्या पूर्ण झाल्यावर खरी माहिती हातात घेऊन बोलणे तुम्हालाच सोपे जाईल. त्याआधी याच आठवड्यात दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्या आणि ते आकडे मला कळवा.