वाचक विचारतात : चिन्ह हाती येईपर्यंत

प्रश्न : आमचे एक सहकारी युद्धविरोधाचा मुद्दा घेऊन सोलापूर शहर मध्यमधून विधानसभेला अपक्ष उभे राहणार आहेत. आम्ही आठ जण, पैसा बेताचाच. पत्रकं आत्ताच छापून ठेवावीत का?

उत्तर : मजकूर तयार ठेवा, छपाई थांबवा. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानाला किमान चौदा दिवस असतात, त्यात शेवटचे ४८ तास प्रचार बंद. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि तळाशी अपक्ष, त्यामुळे अनुक्रमांक आणि चिन्ह नसलेलं पत्रक रद्दीतच जातं. अर्जात तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची असतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत लांबून ओळखू येतील अशीच निवडा.

अर्ज अडतो तो बहुतेक सूचकांवर, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यांवर. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. शहराचे मतदार उत्तर, मध्य आणि दक्षिण सोलापूर अशा तीन मतदारसंघांत वाटले गेले आहेत. म्हणून ओळखीवर जाऊ नका, यादीतला भाग आणि अनुक्रमांक पाहून मगच सही घ्या. सूचक बिडी कामगार बाई असेल आणि अंगठा लावणार असेल, तर तिला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. घरी घेतलेला अंगठा चालत नाही. अर्जाचे चार संच भरता येतात. निदान दोन भराच, दुसऱ्यात दहाही सूचक वेगळे. अनामत मात्र एकदाच : १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.

नमुना २६ च्या शपथपत्रात (मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांची माहिती देणारं) एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथे 'निरंक' लिहा. खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान आदल्या दिवशी उघडलेलं हवं. मित्राने फुकट दिलेली रिक्षाही ठरलेल्या दराने खर्चात धरली जाते, तेव्हा वही पहिल्या चहापासून लिहा.

प्रश्न : पत्रकावर शहीद जवानाचा फोटो घातला तर मुद्दा लवकर पोचेल ना?

उत्तर : घालू नका. संरक्षण दलांतील व्यक्तींची छायाचित्रं प्रचारात वापरू नयेत, अशी निवडणूक आयोगाची सूचना २०१३ पासून आहे. २०१९ मध्ये ती पुन्हा काढली गेली. युद्धाचा जयघोष करणाऱ्यांना ती लागू, तशी तुम्हालाही. आणि सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस असताना फोटोसाठी दुसरीकडे कशाला जायचं? १९३८ मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागासाठी पत्रक तेलुगूतही काढा, पण छापण्याआधी एखाद्या पद्मशाली घरात मोठ्याने वाचून घ्या. मराठीवरून उतरवलेलं तेलुगू कानाला लगेच खटकतं. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते पत्रकावर नसतील तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मतदानाच्या दिवशी आठ जणांनी काय करावं?

उत्तर : सगळी केंद्रं धरायला जाऊ नका. जिथे प्रचार नीट झाला अशी सात केंद्रं निवडा, आठवा मोटरसायकलवर डबे आणि निरोप पोचवील. मतदानाआधी दीड तास अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं, त्याला हजर राहा. संध्याकाळी नमुना १७क ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, मतमोजणीला यंत्रातला आकडा तिच्याशीच ताडून पाहायचा असतो.