इंदूरमध्ये नादारीचा (कर्ज फेडता येत नसल्याचा) अर्ज केल्यास कर्ज, तारण घर आणि घरातील सामान यांचे काय होते?

बँकेकडे तारण असलेल्या घरावरील बँकेचा हक्क कायम राहतो, रोजच्या वापराचे सामान वाचते, आणि बिनतारणी कर्ज केवळ अर्ज केल्याने नव्हे, तर न्यायालयाने मुक्तीचा आदेश दिल्यावरच संपते. याचा आधार प्रांतीय नादारी कायदा, 1920 हा आहे. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग तूर्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू असल्याने इंदूरच्या सामान्य कर्जदाराला जिल्हा न्यायालयातच जावे लागते. नादार ठरविल्यावर आपली मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे) जाते, मुक्तीपूर्वी पुढे मिळालेली मालमत्ताही त्यात येते (हे अनेकांच्या ध्यानात नसते), आणि क्रेडिट कार्ड वा पर्सनल लोनच्या धनकोंना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे आणि मंगळसूत्रासारखे धार्मिक रूढीनुसार स्त्रीने न उतरवायचे दागिने जप्तीबाहेर राहतात; कर्जदाराच्या मालकीच्या इतर सोन्याला हे संरक्षण नाही. मात्र मुक्तीनंतरही सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेली कर्जे आणि न्यायालयाने ठरविलेली पोटगी सुटत नाही, शिवाय आपल्यासाठी जामीन राहिलेल्या व्यक्तीकडून धनको वसुली करू शकतो.