जिप्सीची बॉडी बसत का नाही?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच छंदाची आहेत: रिमोटवर दगडधोंड्यांतून मुंगीच्या पावलांनी चढणारे ‘रॉक क्रॉलर’ आणि त्यांच्यावर चढवायच्या खऱ्या गाड्यांसारख्या बॉड्या. माझा धंदा पॅटर्नमेकरचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामासाठी सागवानी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे लाकडी नमुने, घडवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा उत्तरंही त्याच अंगाने येणार.

प्रश्न : काका, माझ्याकडे १:१० चा क्रॉलर आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ३१३ मिमी. वडिलांच्या मारुती जिप्सीची बॉडी त्यावर करायची आहे. सगळी मापं दहाने भागून पुठ्ठ्याचा नमुना केला, तर पुढची चाकं कमानीत बसली की मागची बाहेर. कुठे चुकतंय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे. घोळ खोक्यावर छापलेल्या १:१० चा आहे.

जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. दहाने भागला की २३७.५. तुमची चासी ३१३ ची. साडेसात सेंटिमीटरचा फरक कमानीत कुठून मावणार? क्रॉलरवाल्यांत १:१० हे वर्गाचं नाव आहे, माप म्हणून ते धरायचंच नाही. मोठ्या कंपन्यांचंही तेच. ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४ हा ट्रक २०१७ साली लँड रोव्हर डिफेंडर ११० ची बॉडी घेऊन आला. खऱ्या गाडीचा व्हीलबेस ११० इंच, म्हणजे २७९४ मिमी, मॉडेलचा ३२४. भागून बघा, ८.६ येतात. तरी त्या गाडीला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण लांबी, रुंदी, उंची सगळं जवळपास त्याच पटीत आहे. डोळ्याला प्रमाण बिघडलेलं चटकन कळतं, पट कितीची आहे ते कळत नाही.

तेव्हा आधी व्हीलबेस भागायचा आणि जो आकडा येईल त्यानेच बाकीचं सगळं भागायचं. २३७५ भागिले ३१३ म्हणजे ७.६. त्या हिशेबाने ४०१० मिमी लांबीची जिप्सी ५२८ मिमीची होते आणि १५४० ची रुंदी २०३ वर येते. अर्ध्या मीटरहून लांब धूड! चालेल, पण जड होईल आणि प्लास्टिकही बरंच खाईल.

माझं मत विचाराल तर चासी बदला. टॅमियाची सीसी-०२ ही २४२, २५२ किंवा २६७ मिमी अशा तीन व्हीलबेसवर जुळवता येते. २४२ वर जिप्सी ९.८ पट लहान होते: लांबी ४०९, रुंदी १५७. खऱ्या अर्थाने १:१० च्या जवळ जाणारी हीच. फक्त मग तुमचे आत्ताचे टायर १२० मिमीचे असतील तर ते तिला लावू नका. ९.८ पटीने ते खऱ्या गाडीवर ४६ इंची होतात. जिप्सीला ट्रॅक्टरची चाकं लावल्यागत दिसेल. ९० मिमीच्या आसपासचे घ्या. ते ३५ इंची ठरतात, म्हणजे डोंगरात जाणाऱ्याने हौसेने चढवले असतील इतपत पटतं.

आणि चासी बदलायचीच नसेल तर गाडी बदला. बोलेरोचा व्हीलबेस २६८० आहे. ३१३ वर साडेआठ पट. वडिलांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : आजोबा, मी नववीत आहे. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची बॉडी छापली होती. मे महिन्यात ती बाबांच्या बंद गाडीत मागच्या काचेखाली राहिली आणि टप खाली बसला. आता एबीएसची छापू की लेक्सानची विकत घेऊ? – नागपूर

उत्तर : नागपूरचा मे आणि पीएलए यांचं जमायचं नाही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेखालची जागा तेवढी सहज तापते. एबीएस साधारण १०५ अंशांपर्यंत तग धरतं. लेक्सान, म्हणजे पॉलिकार्बोनेट, १४७ पर्यंत. उन्हापुरती दोन्ही सारखीच समज.

खरा प्रश्न वजनाचा आहे. हे गणित तुला जमेल. समज, बॉडी सोडून ट्रक २.२ किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० मिमीवर. बॉडीचा गुरुत्वमध्य १७० वर धर. पाव किलोची लेक्सानची बॉडी चढवली तर दोन्हींचा मिळून मध्य ८९ वर येतो. ८०० ग्रॅमची एबीएसची चढवली तर १०४ वर. चाकांच्या बाहेरच्या कडांमध्ये २३० मिमी अंतर असेल तर पहिला ट्रक आडव्या उतारावर ५२ अंशांपर्यंत उभा राहील, दुसरा ४८ वर कलंडेल. स्प्रिंगा दबतात ते यात धरलेलं नाही, म्हणजे प्रत्यक्षात दोघंही आधीच पडतील. चार अंश कागदावर थोडे वाटतात, दगडावर वाटत नाहीत.

तुला शर्यतीसारखं चढायचं असेल तर लेक्सान. दारं उघडणारी, आतून सीट दिसणारी गाडी हवी असेल तर एबीएस, पण टप आणि खांब पातळ छाप आणि जाडी खाली ठेव.

प्रश्न : व्हॅक्यूम क्लीनर आणि भोकांची पेटी वापरून, तापवलेली शीट साच्यावर ओढून घरीच बॉडी करायचा प्रयत्न करतोय. १ मिमी पॉलिकार्बोनेटच्या शीटमध्ये बारीक बुडबुडे येतात आणि थंड झाल्यावर बॉडी साच्यावरून सुटत नाही. साचा थ्रीडी प्रिंटचा आहे. – सांगली

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत.

बुडबुडे पाण्याचे. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून घेतं आणि शीट तापवली की ती ओल वाफ होऊन आतल्या आत फुटते. वरची संरक्षक फिल्म काढा, शीट ओव्हनमध्ये १२० ते १२५ अंशांवर तास-दीड तास ठेवा आणि मग थंड होऊ न देता लगेच १८० च्या वर नेऊन ओढा. आदल्या रात्री वाळवून पेपरात गुंडाळून ठेवली तर सगळी मेहनत फुकट, ती पुन्हा ओल धरते. या कामाला जेवणाचा ओव्हन वापरू नका.

न सुटण्याचं कारण ओतकामवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा १ आटतं, म्हणून आमच्या मोजायच्या पट्ट्याच तेवढ्या वाढीव मापाच्या असतात. पॉलिकार्बोनेट अर्धा ते पाऊण टक्का आटतं. वरच्या जिप्सीसारख्या ४०९ मिमीच्या बॉडीत ते दोन ते तीन मिमी झालं. तुमचा साचा बॉडीच्या आत आहे, म्हणजे आटताना प्लास्टिक त्याला चहूबाजूंनी आवळतं. बाजू अगदी उभ्या असतील तर ते सोडणारच नाही. प्रत्येक उभ्या बाजूला निदान ३ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे वर निमुळता होत जाणारा कल, द्या. ५ दिलात तर बॉडी हातात निघून येईल. खिडक्यांच्या वरचा भाग बऱ्याच गाड्यांत आधीच आत कललेला असतो, तिथे काही करावं लागत नाही. त्रास देतो तो दाराचा खालचा पत्रा आणि मागचं फाटक. बंपर, फूटबोर्ड, स्पेअर चाक साच्यावर ठेवूच नका, मागाहून लावा. जाळीच्या खाचांत हवा अडकते, तिथे अर्ध्या मिमीच्या ड्रिलने भोकं पाडा. त्याहून मोठी पाडलीत तर शीट आत ओढली जाऊन पुटकुळ्या येतात.

आणि पीएलएचा साचा या तापमानाला एखाद-दुसऱ्या बॉडीतच मऊ पडून खचेल. त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसची प्रत काढून पूर्ण वाळवा, किंवा एमडीएफचे थर चिकटवून घासा. सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण हल्लीचा भाव बघून मीच गप्प बसतो.

प्रश्न : आमच्या घरी महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप आहे. बाजारात मिळतात त्या सगळ्या बॉड्या बुटक्या बॉनेटच्या युद्धकाळातल्या विलीजच्या. आमच्या जीपची प्रतिकृती कशी करावी? मित्र म्हणतात, चार करून विक. – सातारा

उत्तर : बुटकी बॉडी कापून वाढवण्याच्या फंदात पडू नका. ३बी चं बॉनेट उंच आहे ते इंजिनामुळे. १९५३ साली विलीजने या जीपमध्ये हरिकेन इंजिन घातलं; त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्याने इंजिनच उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेट वर गेलं. त्याबरोबर जाळी आणि काचेखालची पट्टी, सगळ्यांचीच नाती बदलली. अमेरिकेत ही जीप १९६८ मध्ये बंद झाली, महिंद्राकडे पुढेही बनत राहिली, म्हणून आपल्याकडे तिचा चेहरा लोकांच्या डोळ्यांत पक्का बसलाय. चुकलात तर सातारचं पोरगंही सांगेल.

तुमच्याकडे खरी जीप उभी आहे, मग मापं तिचीच घ्या. मोबाईल घेऊन दोन पावलांवरून फोटो काढलात तर जवळचं चाक मोठं आणि लांबचं लहान येतं. पंधरा-वीस मीटर मागे जा, झूम करा, कॅमेरा जीपच्या निम्म्या उंचीवर धरा आणि बॉडीला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करा. व्हीलबेस ८० इंच, २०३२ मिमी. फोटोत तो जुळला की बाकीचं मोजून घ्यायचं.

ही गाडी म्हणजे सपाट पत्रे, त्यामुळे साचा नकोच. स्टायरिन प्लास्टिकची दीड मिमीची शीट घ्या. कटरने एक खोल रेघ मारा आणि टेबलाच्या कडेवर मोडा; आरपार कापायला जाल तर कड वाकडी येते. सांधे एमईकेने (प्लास्टिक विरघळवणारं द्रावक) जोडा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून. ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की ते आपसूक आत ओढलं जातं आणि दोन्ही पत्रे विरघळून एकजीव होतात. फेविक्विकचा सांधा पहिल्या आपटीत उकलतो. मडगार्डाची वळणं पातळ शीट उकळत्या पाण्यात धरून लाकडी गोट्यावर वळवा.

विक्रीबद्दल सांभाळून. जीपच्या चेहऱ्यावरून महिंद्रालाही झगडावं लागलंय: त्यांच्या रॉक्सर या गाडीचं रूप जीपच्या रूपावर अतिक्रमण करतं, असा निकाल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२० च्या जूनमध्ये दिला, त्याच डिसेंबरात बदललेल्या रूपाला मोकळीक मिळाली. घरची एक करून चालवा, भेट द्या. विकायची झाली तर आधी वकिलाला विचारा आणि नावाची अक्षरं, बिल्ला वगैरे त्यावर काढूच नका.