बोलणी सुरू होण्याआधी

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

लूम शॉपमधून, म्हणजे विमानाच्या वायरिंगच्या जुळण्या बनतात त्या विभागातून, तू युनियनच्या कमिटीवर निवडून आलीस, फार आनंद झाला. विमानाच्या वायरिंगमधली एकेक जोडणी तपासायची सवय असलेल्या माणसाला कराराचं एकेक कलमही नीट वाचता येतं. चालू वेतन कराराची मुदत संपत आली आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

यंदा पगारवाढ किती मागायची, असं तू विचारलंस. आकडा सगळ्यात शेवटी ठरवा, आधी सभासद तयार करा. टेबलावर आपले पाच-सात जण बसतात, पण मॅनेजमेंटचा डोळा असतो तो गेटच्या आतल्या माणसांवर. ती एक आहेत का, आपण काय मागतोय हे त्यांना ठाऊक आहे का, याचा अंदाज समोरच्याला पहिल्या बैठकीतच येतो.

सुरुवात पे स्लिपपासून कर. प्रत्येक शॉप, प्रत्येक ग्रेड, जुना-नवा कामगार, सगळ्यांच्या थोड्या थोड्या स्लिपा गोळा कर, नावं झाकून. मग जेवणाच्या सुट्टीत चौघाचौघांना बसवून दाखव, की वाढ जाहीर होते ती कुठे कुठे वाटली जाते. समज, तीन वर्षांसाठी 9,000 रुपयांचा करार झाला. पहिल्या वर्षी 60 टक्के, पुढच्या दोन्ही वर्षी 20-20 टक्के. म्हणजे पहिलं वर्षभर 5,400, मग 7,200, आणि पूर्ण 9,000 तिसऱ्या वर्षी. तीन वर्षांत हातात आले 2,59,200. पहिल्या महिन्यापासून पूर्ण वाढ मिळाली असती तर 3,24,000 झाले असते. हा 64,800 चा फरक फटाके वाजवताना कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ती वाढ सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या कामगारामागच्या एकूण खर्चावर असेल, तर कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही त्याच 9,000 मध्ये बसवलेला असतो. हे गणित सभासदाने स्वतःच्या हाताने एकदा मांडलं, की त्याला भाषण द्यावं लागत नाही.

बेसिककडे, म्हणजे मूळ पगाराकडे, विशेष लक्ष दे. तरुण पोरांना भत्ते आवडतात, कारण ते लगेच हातात दिसतात. पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्त्यावर उभी राहते. नव्या वेतन संहितेत वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. तुमच्या स्लिपेत ते प्रमाण काय आहे, ते आत्ताच काढून ठेव. महागाई भत्त्याचं कलमही जुन्या करारातून शब्दन् शब्द उतरवून घे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आता 2016 च्या पायावर निघतो आणि 2001 च्या मालिकेशी जोडताना त्याला 2.88 ने गुणायचं असतं. जुन्या करारात पॉइंटमागे अमुक रुपये असं लिहिलं असेल, तर तो पॉइंट कुठल्या मालिकेचा, हे स्पष्ट असायलाच हवं. ज्या 88 केंद्रांवरून हा निर्देशांक निघतो त्यात आपलं नाशिकही आहे, हेही पोरांना सांग. आपल्या बाजारातल्या डाळ-तेलाचा भाव त्यात मोजला जातो.

आता माणसं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) किमान 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीच एकटी बोलणी करू शकते. नाहीतर वाटाघाटी परिषद बसते आणि तिथे दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. संपाला किमान 14 दिवसांची नोटीस लागते आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल लीव्ह टाकली तरी तो संपच धरला जातो. हे सगळ्यांना माहीत असू दे, नाहीतर कुणीतरी तावातावात सामूहिक रजेचा मेसेज फिरवतो आणि त्या पोरांच्या नोकरीवर बेततं.

म्हणून शॉपवार यादी कर. रात्रपाळीला रात्रीच भेट. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीची मंडळी सुटताच बस पकडतात, त्यांच्याशी बसमध्येच बोल. आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत सर्वसाधारण सभा ठेवू नका. निम्मी माणसं मळ्यात असतात आणि मग ठराव कुणी केला यावरून वर्षभर वाद चालतो. जो गप्प बसतो त्याच्याकडे दोनदा जा. फ्युएल टँकमध्ये वाकून सीलिंग करणारा, पेंट काढणारा, एक्स-रे तपासणीवाला यांच्या मागण्या सभेत येत नाहीत, त्या त्यांच्या जागेवर जाऊनच कळतात. कंत्राटी पोरांना यादीबाहेर ठेवू नकोस, तेच विमान तेही उभं करतात.

एक गोष्ट मात्र कधीही सौद्यात आणायची नाही: तपासणीची सही. कितीही ताणलं तरी टूलची मोजणी, शिक्का, दुसऱ्या माणसाची तपासणी यांत कसूर नको. उलट थकलेल्या माणसावर सहीचा दबाव येऊ नये, सलग डबल पाळी लागू नये, हे करारात लिहून मागा. वैमानिकांना आठवड्याची सलग 48 तास विश्रांती नियमाने आहे. जमिनीवर त्यांचं विमान तपासणाऱ्याच्या झोपेबद्दल आपणच आग्रह धरायला हवा. याला पैसे लागत नाहीत असं कमिटीत कुणी म्हणेल आणि शेवटच्या पानावर ढकलेल. तू पहिल्या पानावर ठेव.

बोलणी सुरू झाल्यावर प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळी बोर्डावर लागल्या पाहिजेत, अध्यक्षांच्या सहीने. नाहीतर अफवा आपल्या आधी कॅन्टीनला पोचते.

मागील करारांच्या प्रती माझ्याकडे आहेत, जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 12(3) खाली, म्हणजे समेट अधिकाऱ्यासमोर झालेल्याही. रविवारी दुपारी घरीच असतो. सोबत खजिनदारांनाही आण. करारानंतर मिळणाऱ्या थकबाकीच्या रकमेतून युनियनची वर्गणी किती कापायची, हे सभासदांना आधीच सांगावं लागेल आणि ते खजिनदारांशीच बोलायला हवं.

तुझा,
काका