कोकणात एम.एस्सी. झाल्यावर गणितात पीएच.डी. करावी का?

रत्नागिरीत एम.एस्सी. गणित पूर्ण होत आले आहे, घरच्यांना लवकर नोकरी हवी आहे, मग पीएच.डी.साठी पाच-सहा वर्षे घालवावीत का, असे आपण विचारले आहे. मी सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात गणित शिकवतो आणि दरवर्षी हाच प्रश्न ऐकतो. माझे मत स्पष्ट आहे : फेलोशिप (संशोधन करताना मिळणारी दरमहा रक्कम) मिळाली तर जरूर करावी, न मिळाल्यास आधी एक वर्ष ती मिळवण्यासाठीच द्यावे.

सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि मूल्यमापनानंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. त्या परीक्षेच्या तिसऱ्या भागात एका प्रश्नाचे एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच गुण मिळतात, म्हणून पाठ केलेली प्रमेये तिथे कामी येत नाहीत, उदाहरणे-प्रतिउदाहरणे स्वतः रचण्याची सवय कामी येते. याशिवाय अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची शिष्यवृत्ती आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा आहे; या तिन्हींचे अर्ज भरावेत.

नोकरीच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. निधी, प्रवेश आणि नोकऱ्या एकाच वेळी वाढत नाहीत. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेल्यावर अमेरिकेने १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याद्वारे पदव्युत्तर शिक्षणात मोठा पैसा ओतला, विद्यार्थी वाढले. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोठ्या संख्येने डॉक्टरेट घेऊन बाहेर पडू लागले, तोवर निधीला कात्री लागली होती आणि विद्यापीठांतील भरती मंदावली होती. पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले नामवंत गणितज्ञ अमेरिकेत आले आणि १९९० च्या दशकात गणितात नव्याने पीएच.डी. झालेल्यांना जागा मिळणे पुन्हा अवघड झाले. म्हणून आजच्या जाहिराती मोजून पाच वर्षांनंतरचा निर्णय घेऊ नये.

आपल्याकडे तर सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) ही किमान अर्हता आहे. केवळ महाविद्यालयातील नोकरीसाठी पीएच.डी. करणे म्हणूनच मला पटत नाही. खरी अडचण पदभरतीची आहे : मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि काम तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन देऊन, चालते. माझा एक माजी विद्यार्थी सकाळी महाविद्यालयात तासिका घेतो, दुपारी खासगी क्लास चालवतो आणि रात्री दहानंतर प्रबंधाची वही उघडतो. उन्हाळी सुट्टीत मानधन थांबते. मुलगा हुशार आहे, पण गणिताला सलग आणि ताजे तास लागतात, ते त्याच्याकडे उरतच नाहीत. विनाफेलोशिप संशोधनाला माझा विरोध आहे तो यासाठीच.

कोकणाबाहेर जावे लागेल, हे घरी आताच सांगावे. जाण्याआधी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) किंवा एटीएम (अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) या गणित प्रशिक्षण शिबिरांत प्रवेश मिळतो का पाहावे; तिथे देशभरचे विद्यार्थी आणि संभाव्य मार्गदर्शक भेटतात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि आज ते कुठे काम करतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावे.