बयाणा देण्याआधी विम्याचा कोट घ्या

तुम्ही विचारलंय: टेक्सासमध्ये राहता, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, उड्डाणाचे 95 तास झालेत, सगळे सेसना 172 विमानावर. जुनं बोनान्झा (उडताना चाकं आत मिटणारं विमान) घ्यायचंय, पण दोन विमा कंपन्यांनी नकार दिला, तिसरीने भरमसाट प्रीमियम सांगितला. मग लायसन्सला अर्थ काय?

लायसन्स किमान 40 तासांवरही मिळतं. विमा कंपनी बघते ते वेगळं: हे विमान तुमच्या हातात किती बसलंय. 172 ची चाकं कायम खाली असतात, बोनान्झाची आठवणीने खाली करावी लागतात. विसरलं की विमान पोटावर उतरतं, प्रॉपेलर वाकतो, इंजिन उघडून तपासावं लागतं. जुनं विमान असेल तर दुरुस्तीचा खर्च त्याच्या किमतीलाच भिडतो. शिवाय जुन्या बोनान्झांत गिअर (चाकं) आणि फ्लॅपचे (पंखांमागच्या झडपांचे) स्विच इतर विमानांच्या उलट बाजूंना असतात. उतरल्यावर फ्लॅप घ्यायला हात गेला आणि चाकंच मिटली, असे अपघात झालेले आहेत. म्हणून फॉर्मवर एकूण तासांबरोबर रिट्रॅक्टेबलचे (चाकं मिटणाऱ्या विमानांवरचे) तास, त्याच मॉडेलचे तास, गेल्या 12 महिन्यांतले आणि 90 दिवसांतले तास विचारतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी) आहे का, हेही.

मी 140 तासांवर पायपर ॲरो हे चाकं मिटणारं विमान घेतलं, रिट्रॅक्टेबलचे तास शून्य. बयाणा दिला आणि मग विमा शोधायला लागलो. अट आली: प्रशिक्षकाबरोबर 25 तास, नंतर 10 तास एकट्याने, तोवर प्रवासी बसवायचा नाही. तेव्हा फार राग आला होता. पण आठव्या की नवव्या तासाला, आडव्या वाऱ्याशी झगडताना, मी खरंच चाकं विसरलो. शेजारून प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "तीन हिरवे दिवे?" चाकं खाली येऊन पक्की झाली की लागणारे ते दिवे. त्या दिवसापासून मला ती अट जाच वाटलेली नाही.

माझं स्पष्ट मत: आत्ता चेरोकी 180 घ्या, त्याची चाकं कायम खालीच असतात. त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग करा, वर्ष-दोन वर्षं भरपूर उडा. बोनान्झाच हवं असेल तर आधी एखाद्याच्या विमानात प्रशिक्षकाबरोबर तास जमवा, मग कोट (प्रीमियमचा आकडा) मागा. बँकेचं कर्ज काढणार असाल तर विम्याशिवाय गाडं पुढे सरकतच नाही.

ब्रोकर एकच धरा. बहुतेक कंपन्या एका विमानाचा कोट पहिल्या ब्रोकरलाच देतात, दुसरा गेला की त्याला दार बंद.

मित्राला विमान देणार असाल तर पॉलिसीतलं ओपन पायलट कलम (नाव न घातलेला कोणता पायलट चालेल ते सांगणारं) नीट वाचा. मित्राचे तास त्यात बसले तर तुमचं नुकसान भरून मिळतं, पण कंपनी तेच पैसे मित्राकडून वसूल करायला जाऊ शकते. नेहमी उडवणार असेल तर त्याचं नाव पॉलिसीत घालून घ्या, आणि त्याला संरक्षण मिळतंय का ते ब्रोकरकडून लेखी घ्या.

फॉर्म भरताना तास लॉगबुकातूनच (उड्डाणांच्या नोंदवहीतूनच) उतरवा, अंदाजाने नको. दावा केला की तेच लॉगबुक मागतात.